अर्धी मात्रा मागे

म्हापसा, गोवा
२ सप्टेंबर २०२४

ती. मामांना योगीराजचा दंडवत.

तुम्ही फोनवर येत नाही, हे आता मी मान्य केलं आहे. गेलं वर्षभर मी फोन करतो, मामी उचलतात आणि "त्ये शेतात गेलेत" म्हणून सांगतात. निवृत्त पोस्टमास्तर उन्हातान्हात एवढा शेतात काय करतो, हे मी विचारत नाही. म्हणून हे पत्र. इथल्या टपाल कचेरीत आंतरदेशीय पत्र मागितलं तर खिडकीतल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

बातमी अशी की आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड तयार होत आली आहे. माझं काय चाललंय ते तुम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल, म्हणून एकदा सरळ सांगतो. गंगाखेडच्या बँड पार्टीतून मला काढलं. मग पुण्यात एका हॉटेलात लोक जेवत असताना कीबोर्ड वाजवला. तिथे एक गोवेकर ड्रमवाला भेटला, त्याने माझ्या हातात बास गिटार दिली, म्हणजे जाड तारांची, खर्जात बोलणारी. तेव्हापासून मी इथे रेगे वाजवतो. जमैका नावाच्या बेटावरचं हे संगीत. तिथल्या गरीब लोकांनी देवाशी आणि सरकारशी एकाच चालीत भांडण काढलं, ते हे.

आता विनंती. रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं तुमच्या गौळणीच्या चालीवर आहे. तीच, तुम्ही स्वतः बांधलेली, जिच्यात स्वर मधेच खाली उतरून थांबतो. आई गेल्यावर तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्ही मला सगळ्यात आधी तीच शिकवली होती. शब्द माझे आहेत. गाणं मामींच्या फोनवर पाठवलं आहे. तुम्ही ऐकून हो म्हणालात तरच ते बाहेर पडेल, नाही म्हणालात तर काढून टाकीन. बँडमधले बाकीचे म्हणतात, तुझ्या मामाला जरा लवकर ऐकायला सांग. पाच मिनिटांचंच आहे.

तुमचा,
योगीराज


हिवरवाडी, ता. पालम, जि. परभणी
२१ सप्टेंबर २०२४

चि. योगीराज यास बन्सीधरचे आशीर्वाद.

पत्र मिळाले. पिनकोडातला एक तू अजूनही सातासारखा काढतोस. अशाने पत्र भलत्या जिल्ह्यात जाते आणि शिव्या पोस्टमनला बसतात.

बँड पार्टीतून काढलं, असं तू मोघम लिहिलंस. का काढलं ते मी विसरलेलो नाही. पालमच्या लग्नात तू वरात इतकी संथ नेलीस की नवरदेव मांडवात पोचेपर्यंत मुहूर्त टळला आणि गुरुजी दुसऱ्या लग्नाला निघून गेले. मुलीचा बाप मला तीन गावांत शोधत होता. त्यालाच तू आता रेगे म्हणायला लागलास, असे दिसते.

तुझे गाणे आमचे मृदंगवाले रामहरी यांनी ऐकले. त्यांचे म्हणणे, टाळ उलटा पडतो. जिथे घाव घालायचा तिथे तुम्ही गप्प बसता आणि जिथे गप्प बसायचे तिथे वाजवता. ठेका रिकामाच सोडायचा असेल तर वाजवायला बसायचे कशाला? घरी बसावे.

इकडे माघातल्या सप्ताहाची तयारी आतापासून सुरू आहे. भजनी मंडळाची चाल यंदाही मीच सांगणार. समितीचे अध्यक्ष रंगनाथ पाटील काहीतरी म्हणत होते, पण गावातले लोक हल्ली फार पुटपुटतात. तोंड उघडून स्पष्ट बोलायची सवयच कुणाला राहिलेली नाही.

मामी बरी आहे. शेळ्या बऱ्या आहेत. पोच देणे.

बन्सीधर


म्हापसा
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना दंडवत.

रामहरीकाकांचं अगदी बरोबर आहे. टाळ उलटाच पडतो, आणि सगळी मजा त्यातच आहे. ठेका येतो तिथे आम्ही त्याला वाट देतो आणि तो पुढे गेला की मागून टाळी मारतो. ऐकणाऱ्याचं अंग आपोआप डोलायला लागतं, कारण राहिलेला घाव त्याला स्वतःलाच पुरा करावा लागतो. पण मामा, मी मत तुमचं मागितलं होतं.

आणखी एक. दुसरीकडून कळून तुम्ही रागावण्याआधी मीच सांगतो. दर रविवारी सकाळी मी इथल्या चर्चमध्ये बास वाजवतो. त्यांच्या भजनाला गॉस्पेल म्हणतात. एस्पेरान्सा नावाच्या बाई चाल सांगतात, वयाने तुमच्याएवढ्या. एक ओळ त्या म्हणतात, मागचे सगळे ती उचलतात, आणि बाई रंगात आल्या की तीच ओळ धरून बसतात, कुणाला म्हणून पुढे जाऊ देत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्याच मंडळात बसल्यासारखं वाटलं. धर्म बदललेला नाही, गळ्यात माळ आहे. बाईंनाही ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तू बास नीट वाजव म्हणजे झालं.

मामींनी फोटो मागितला होता, तो पाठवला आहे. गाणं ऐका.

योगीराज


हिवरवाडी
९ नोव्हेंबर २०२४

चि. योगीराज,

तुझ्या फोटोने मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, म्हणजे तू समजतोस त्या अर्थाने नाही.

डोक्यावर ते काय वाढवलं आहेस? आपल्या पाहुण्यारावळ्यांकडे मेंढरं आहेत. वेळेवर कातरलं नाही तर लोकर अशीच गोळा होऊन लोंबते. मी हेच बोलून गप्प बसलो असतो, पण तुझ्या मामीने तो फोटो शेजारच्या भिवराबाईला दाखवला. भिवराबाईने फोनलाच हात जोडले. "माय, योगीराजला जटा फुटल्या!" आधीच नाव योगीराज, त्यात जटा, त्यात तू वर्षानुवर्षे समुद्राकाठी राहतोस. दिवस मावळेपर्यंत गावभर झालं की बन्सीधरच्या भाच्याने संन्यास घेतला.

आता ओसरीत नारळांचा ढीग पडला आहे. सूर्यभान बोअर कुठे घ्यावा हे विचारायला येऊन गेला. एका बाईने म्हैस आटल्याचे सांगून तुझा अंगारा मागितला. मी सगळ्यांना सांगतो की तो बँडमध्ये आहे, रात्री हॉटेलात वाजवतो. तर म्हणतात, खरे साधू स्वतःची ओळख अशीच लपवतात. मामी रोज खोबऱ्याची चटणी करते आहे. मला आता ती बघवत नाही.

चर्चचे वाचले. एकीने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे, म्हणजे जे आम्ही पिढ्यानपिढ्या करत आलो तेच. त्या एस्पेरान्सा बाई एक ओळ साधारण किती वेळ धरतात? मी एकदा एकादशीला एकाच चरणावर बसलो होतो, तर रामहरीचा खांदा भरून आला. बाईंना माझा रामकृष्णहरी सांग. उभ्याने गातात की बसून? आणि गाणं झाल्यावर प्रसादाला काय देतात, ते कळव.

गाण्याविषयी सवडीने लिहीन.

बन्सीधर


म्हापसा
५ डिसेंबर २०२४

मामा,

उभ्याने गातात. केक आणि कॉफी देतात. बाईंनी उलट नमस्कार सांगितला आहे.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही गाणं ऐकलंत का? तीन महिने झाले. पिनकोडावर लिहिलंत, केसांवर लिहिलंत, खोबऱ्याच्या चटणीवर लिहिलंत. गाण्यावर एक ओळ नाही. स्टुडिओवाला विचारतो, बँडवाले विचारतात, आणि मी प्रत्येकाला सांगतो की मामांचं पत्र येणार आहे.

मला वाटतं, तुम्ही ऐकलं आहे आणि तुम्हाला लाज वाटते. आपण शिकवलेली चाल पोराने नासवली, असं वाटत असेल. तसं असेल तर तसंच लिहा. इथे लोक टाळ्या वाजवतात, पेपरात नावही आलं. त्याने बरं वाटतं, पण दोन दिवस. तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय म्हणून सगळं अर्धवट वाटतं. शिव्या दिल्यात तरी चालतील, पण ऐकून द्या.

योगीराज


हिवरवाडी
१८ डिसेंबर

योगीराज बाळा,

मी दैवशाला मामी लिहायलेय. अक्षर वाकडंतिकडं हाय, समजून घे. चौथीनंतर आत्ताच पेन धरला. फोन केला असता, पर मी फोन धरला की ह्ये टक लावून माझ्या तोंडाकडं बघत बसतेत. त्यांना वाटतंय समदे त्यांच्याबद्दलच बोलायलेत.

तुजं पत्र त्यांनी वाचलं अन् दिवसभर जेवले न्हाईत. बाळा, त्यांनी गाणं ऐकलं न्हाई. त्यांना ऐकू येत न्हाई. मागच्या सालच्या दिवाळीच्याबी आधीपासून कमी कमी होत आता कान पार गेले. मोबाईल कानाला लावून बसतेत, मान हालवतेत, अन् मग रामहरीला इचारतेत कसं हाय म्हणून. त्ये शेतात गेलेत असं मीच तुला खोटं सांगायची. त्येंनीच सांगायला लावलं.

यंत्र घ्या म्हणलं तर लय चिडतेत. म्हणतेत, चाल सांगणारा बहिरा हाय असं कळलं तर मला मंडळात कोण बसू देईल? आता भजनाला बसले की रामहरीच्या हातावर डोळा ठिवतेत. त्येचा हात पडलेला दिसला की मग टाळ मारतेत. म्हणून टाळ जरा मागून पडतो. अन् मंडळातले समदे त्यांचेच शिकलेले. गुरुजींच्या आधी कसं वाजवावं म्हणून त्येबी थांबतेत अन् त्यांच्यासंगंच मारतेत. रामहरी म्हणतो, वैनी, आख्खं मंडळ अर्धी मात्रा मागं वाजवायलंय अन् बोलायची कुणाची हिंमत न्हाई.

रंगनाथ पाटील यंदा गंगाखेडचं मंडळ बलवायचं म्हणायलेत. ह्यांना त्ये ऐकूच गेलं न्हाई, म्हणून ह्ये खुशीत हायेत. तू सप्ताहाला ये. मी लिव्हलंय हे सांगू नको, न्हाईतर माझं काही खरं न्हाई.

तुजी मामी


म्हापसा
४ जानेवारी २०२५

ती. मामांना दंडवत.

मागचं पत्र रागात लिहिलं. मनावर घेऊ नका.

मी सप्ताहाला येतो आहे. बास आणि तिची मोठी पेटी, म्हणजे स्पीकर, सोबत आणतो. काल्याच्या भजनात मंडळाच्या मागे कुठेतरी बसू द्या. रंगनाथ पाटलांना मी कळवलं आहे. बन्सीधर मामांच्या मंडळासोबत वाजवायला गोव्याहून माणूस येतोय म्हटल्यावर ते गंगाखेडचं विसरले. किंवा माझ्या जटांमुळेही असेल.

गाण्याचं सध्या राहू द्या. रेकॉर्ड थांबवली आहे.

योगीराज


हिवरवाडी
१७ जानेवारी २०२५

चि. योगीराज,

येतोस हे वाचून आनंद झाला. खालील गोष्टी ध्यानात ठेवणे. गावात शिरताना डोक्याला फेटा बांधून शिरणे. कुणी पाया पडू लागल्यास चपळाईने मागे सरणे. सूर्यभानला बोअरची जागा दाखवू नये, तो खरोखर खोदेल.

मंडळाची शिस्त तुला माहीत आहे. मी चाल सांगेन, तू मागे राहायचे. पेटी मांडवात कोपऱ्यात ठेवावी, माणसांना बसायला जागा लागते.

गंगाखेडचे काय? मला काही समजले नाही.

शिवाय तू "गाण्याचं राहू द्या" म्हणून लिहिलंस. सप्टेंबरपासून तू माझ्या मागे लागला होतास आणि आता एकदम राहू द्या? तुला कुणी काही सांगितलं का? मामी हल्ली माझ्याशी फार गोड वागते, त्यामुळे मला संशय आहे.

बन्सीधर


म्हापसा
१८ फेब्रुवारी २०२५

मामींना नमस्कार.

काल्याच्या दिवशी तुम्ही महाप्रसादाच्या चुलाणापाशी होतात आणि मांडवात काय झालं ते तुम्हाला धड कुणी सांगितलं नाही, असं निघताना म्हणालात. गाडीच्या घाईत बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

पेटी मी कोपऱ्यात ठेवली नाही. मामा बसतात तिथेच ठेवली आणि वर घोंगडी अंथरली. मामांना म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात, खाली बसू नका, या पाटावर बसा. एवढा उंच पाट कुठे असतो का, असं पुटपुटत ते बसले.

भजन सुरू झालं. मामी, ते ऐकून मी वेडा व्हायचा बाकी होतो. रामहरीकाकांचा मृदंग पडतोय, आणि सगळेच्या सगळे टाळ अर्धी मात्रा मागून, एकजीव. आम्ही बँडवाले दोन वर्षं स्टुडिओत हाडं झिजवतोय ते हिवरवाडीचं मंडळ नुसतं गुरुजींच्या आदरापोटी वाजवत होतं. जमैकाच्या माणसाने ऐकलं असतं तर त्याने तिथेच पथारी टाकली असती.

मग मी बास सुरू केली. खर्जाचा आवाज कानाची वाट बघत नाही, तो लाकडातून आणि हाडांतून चढतो. पहिल्या स्वरालाच मामा ताठ झाले. घोंगडी उचलून त्यांनी खाली पाहिलं. वाटलं, आता उठणार आणि सगळ्यांसमोर मला झाडणार. पण त्यांनी पेटीवर तळहात टेकला आणि तसेच बसून राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. वर्षभर ज्यांनी रामहरीकाकांच्या हातावरून नजर काढली नव्हती, त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचा टाळ नेमका ठेक्यावर पडला.

मंडळाची तारांबळ उडाली. गुरुजी एकदम पुढे गेले आणि बाकीच्यांचे हात वर्षभराच्या सवयीने मागेच राहिले. मामा ठेक्यावर, मंडळ ठेक्याच्या मागे. दोन्ही मिळून जे काही उभं राहिलं ते मी आजवर कुठल्याच मंचावर ऐकलेलं नाही. रंगनाथ पाटलांची मान आधी हलली, मग खांदे हलले. भिवराबाई उठून नाचायला लागल्या आणि त्यांच्यामागे आख्खी बायकांची बाजू उठली. महाराज काल्याचं कीर्तन करायला उभे होते, ते टाळ मागून घेऊन आमच्यात येऊन बसले.

त्या भरात मी गौळणीच्या चालीवरचं ते गाणं गाऊन टाकलं. मामा डोळे मिटूनच होते.

पण त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवताना नाही, रात्री नाही. पालमच्या स्टँडवर सोडायला आले तेव्हा एसटीची पाटी वाचून दाखवली आणि मागे वळून न बघता गेले. आवडलं की राग आला, मला अजून कळलेलं नाही. पेटी तुमच्याकडेच ठेवून आलो आहे. त्यांनी ती फेकून तर दिली नाही ना, तेवढं कळवा.

योगीराज


हिवरवाडी
१२ मार्च २०२५

चि. योगीराज यास बन्सीधरचे आशीर्वाद.

तू मामीच्या नावाने पाठवलेले पत्र मी वाचले. या घरात आलेले टपाल आधी माझ्या हातात पडते, हे तुम्ही दोघे विसरलात.

माझ्या कानांविषयी मामीने तुला जे कळवले ते अर्धसत्य समजावे. उरलेले अर्धे असे की परभणीला जाऊन मी यंत्र आणले. ते कानात घालून पहिल्यांदा मंडळात बसलो आणि थक्क झालो. सगळे अर्धी मात्रा मागे वाजवतात! मी भजन थांबवून विचारले, ही काय पद्धत? कुणी शिकवली? रामहरी म्हणाला, "गुरुजी, तुमीच." मी त्यांना पुढे आणायचा एक दिवस प्रयत्न केला. तेव्हा रंगनाथ पाटील येऊन म्हणाले की पुढच्या सप्ताहाला तसंच पायजे, मागचंच. सबब मंडळ मागे ठेवले आहे आणि मी ठेक्यावर आहे. आजूबाजूच्या गावांतून दोन निमंत्रणे आली. त्या एस्पेरान्सा बाईंना विचार, ओसरीतले नारळ त्यांच्या केकमध्ये चालतात का.

आता गाण्याविषयी. तुझे सप्टेंबरचे पत्र समोर ठेवून उत्तर देतो.

गाणे ऐकले. स्टँडवर बोललो नाही, कारण तोंड उघडले असते तर एसटीच्या रांगेत सगळ्यांसमोर रडू फुटले असते, आणि मी निवृत्त सरकारी माणूस आहे. दीड वर्ष मी नुसते हात बघून भजन करत होतो. देवाचे नाव घेत होतो आणि त्यातले काहीच माझ्यापर्यंत पोचत नव्हते. त्या दिवशी तुझा पहिला स्वर कमरेतून चढला, तेव्हा वाटले की कुणीतरी बाहेरून दार वाजवतंय. माझी चाल जिथे खाली उतरून थांबते, तिथे तू थांबलास. मी थांबतो त्याहून जास्त वेळ थांबलास. ते मला सुचले नव्हते. मला लाज वाटते, असं तू डिसेंबरात लिहिलं होतंस. गाढवा, मला मत्सर वाटला.

परवा यंत्र लावून तेच गाणे मामीच्या फोनवर ऐकले. पत्र्यावर चिमण्या नाचल्यासारखे वाटले. म्हणून यंत्र काढले, फोन तुझ्या पेटीला जोडून घेतला आणि वर बसलो. पुन्हा पुन्हा ऐकले. रामहरीला ऐकवून उपयोग नाही, त्याला फक्त टाळ कळतो.

तेव्हा माझा निर्णय असा. होकार देत नाही. तिसऱ्या कडव्यात आईचे नाव येते, तिथे तू घाई करतोस. बाकी सगळीकडे तुझा पाय जमिनीला आहे, तिथेच तेवढा सुटतो. का सुटतो ते मला माहीत आहे. ती माझी बहीण होती, मीही तिथे कायम पळतो. पण आपण दोघेही पळालो तर तिच्याजवळ थांबायचे कुणी? तेवढे एक कडवे नव्याने वाजव. वरातीला नेलेस तसे ने, मुहूर्त टळला तरी चालेल.

जमले की लगेच पाठव. पेटीवर बसलो आहे.

बन्सीधर